विज्ञानकथांतलं एकच यंत्र मिळणार असेल, तर मला निदानयंत्र द्या

विज्ञानकथांमध्ये कल्पिलेल्या यंत्रांपैकी एकच यंत्र खरोखर आपलं होणार असेल तर कोणतं घ्यावं, असा प्रश्न आहे. लोक क्षणात दुसरीकडे पोचवणारा टेलिपोर्टर मागतात, कालयंत्र मागतात, हवा तो पदार्थ बनवून देणारं यंत्र मागतात. मी मागेन ते अंगावरून फिरवलं की आत काय बिघडलंय ते तिथल्या तिथे सांगणारं, हातात मावणारं निदानयंत्र. १९६६ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेत अंतराळयानावरच्या डॉक्टरकडे असं यंत्र असायचं, त्याला ट्रायकॉर्डर म्हणायचे. त्यात सुई टोचायची नाही, रक्त काढायचं नाही, आणि 'रिपोर्ट उद्या संध्याकाळी' हे ऐकायचं नाही.

मी डॉक्टर नाही. गेली २८ वर्षं मी वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती आणि कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) करतो. व्हेंटिलेटर, मॉनिटर, ईसीजी, सोनोग्राफी, नवजात बाळांचे वॉर्मर. मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयांत थोडी वर्षं काढली, नंतरची बहुतेक कोकणातल्या आणि घाटावरच्या लहान दवाखान्यांत आणि ग्रामीण रुग्णालयांत. त्यामुळे यंत्राकडे मी दुरुस्तीवाल्याच्या नजरेने बघतो आणि हे उत्तरही त्याच नजरेने देतो आहे.

या प्रश्नातला 'आपलं' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्र दारात येणं आणि यंत्र आपलं असणं यांत मोठं अंतर आहे. देणगीत आलेला व्हेंटिलेटर दोन वर्षांनी कोपऱ्यात चादर पांघरून उभा असलेला मी अनेकदा पाहिला आहे. बिघाड काय, तर आतला ऑक्सिजन मोजणारा सेल संपलेला. हा सेल यंत्र वापरा वा न वापरा, वर्ष-दोन वर्षांत झिजतोच, आणि तो बदलायची तरतूद कोणी केलेली नसते. म्हणून कुठल्याही यंत्राबद्दल माझे प्रश्न ठरलेले आहेत. वीज किती खाणार? सुटा भाग कुठून येणार? ते दाखवतंय ते खरं आहे हे कोण तपासणार? आणि कायदा ते ठेवू देणार का?

पहिल्याच प्रश्नावर बरीच लाडकी यंत्रं गळतात. ऊर्जेपासून वस्तू घडवायची तर आइन्स्टाइनचं समीकरण पुरा हिशेब मागतं. दीडशे ग्रॅम चहा शून्यातून कपात उतरवायला सुमारे ३७५ कोटी युनिट वीज लागेल. ७० किलोचा माणूस एका जागी ऊर्जेत विरघळवून दुसऱ्या जागी उभा करायचा, तर सुमारे पावणेदोन लाख कोटी युनिट. आज भारतातली सगळी वीजकेंद्रं मिळून वर्षभरात साधारण तेवढी वीज तयार करतात. एका माणसाच्या एका प्रवासासाठी सबंध देशाची वर्षाची वीज!

आणि वीज मिळाली तरी टेलिपोर्टरचा प्रश्न सुटत नाही. अज्ञात क्वांटम अवस्थेची (कणाच्या सूक्ष्म स्थितीची) हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ साली सिद्ध झालं. १९९३ साली अवस्था 'पाठवण्याची' युक्ती मांडली गेली आणि १९९७ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये ती प्रकाशकणांवर करूनही दाखवली. पण तिचा नियम असा, की मूळ ठिकाणची अवस्था पुसली गेली तरच ती दुसरीकडे उमटते. एका कणाच्या बाबतीत हे ठीक आहे. माझ्या मुलीला मी त्यात उभं करणार नाही. अदृश्य करणाऱ्या झग्याचंही तसंच: प्रकाश तुमच्या डोळ्यांत न शिरता वळसा घालून गेला तर डोळ्याच्या पडद्यावर काहीच उमटणार नाही, म्हणजे अदृश्य झालेला माणूस आंधळा होणार.

कालयंत्राचा मात्र मी खरोखर विचार केला आहे, कारण मला परत जावंसं वाटेल अशी एक रात्र आहे.

मी नववीत होतो. श्रावणातले दिवस. माझा चुलत भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आम्ही त्याला दादा म्हणायचो, ओटीवर सतरंजी टाकून झोपला होता. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठला. काकूने ओव्याचं पाणी दिलं. दोन उलट्या झाल्या. उजाडल्यावर त्याच्या पापण्या जड दिसायला लागल्या, तर सगळे म्हणाले रात्रभर झोप नाही त्याला, पडू दे. मग त्याला घोट गिळवेना. आवाज नाकातून यायला लागला. तेव्हा कुठे आजोबांनी विचारलं, "रात्री काय चावलं का रे?" अंग सगळं तपासलं, खूण सापडली नाही. जीप मिळवून तालुक्याला नेईपर्यंत श्वास वरवर चालला होता. तिथे श्वास देणारं यंत्र नव्हतं.

ती मण्यार होती, हे मला पुढे कामात पडल्यावर कळलं. मण्यार रात्री फिरते, पावसाळ्यात घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याच्या अंथरुणात येते. तिचा दंश दुखत नाही, सुजत नाही, दातांच्या खुणा बहुतेक वेळा दिसतही नाहीत. पहिली तक्रार बऱ्याचदा पोटदुखीची असते. विष नसांच्या (मज्जातंतूंच्या) टोकांवर काम करतं आणि तिथून स्नायूंना जाणारा संदेश तुटतो: आधी पापण्या, मग गिळणं, मग श्वास. नागाचं विष स्नायूच्या बाजूला जाऊन बसतं, त्यामुळे निओस्टिग्मिन या औषधाने बऱ्याचदा फरक पडतो. मण्यारीचं विष नसेचं टोकच बिघडवतं. एकदा ते झालं की प्रतिविषही ते नुकसान परत फिरवू शकत नाही, रुग्णाला काही दिवस व्हेंटिलेटरवर सांभाळावं लागतं आणि नसा हळूहळू स्वतःच सावरतात. म्हणजे प्रतिविषाचा खरा उपयोग पहिल्या काही तासांतच, आणि पहिल्या काही तासांत घरातले सगळे ओव्याचं पाणी देत असतात.

कालयंत्राने मी त्या ओटीवर परत गेलो असतो तरी एकटाच गेलो असतो. पुढच्या गावात, पुढच्या श्रावणात दुसरं कोणीतरी पोट धरून उठणारच. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातली बहुतेक खेड्यांतली. पहाटे पाच वाजता पोटावर धरलं आणि 'रक्तात मण्यारीचं विष आहे, पोट ठीक आहे' एवढं एक वाक्य बोललं, तर त्या यंत्रासाठी मी सगळे टेलिपोर्टर सोडून देईन.

विरुद्ध बाजूचीही गरज तेवढीच आहे. साप चावतो पण विष सोडत नाही, असंही बऱ्याचदा होतं. डॉक्टरांना ते लगेच कळत नाही. प्रतिविष घोड्यांच्या रक्तातून तयार होतं आणि त्याने काहींना जीवघेणी अॅलर्जी होऊ शकते. म्हणून विष नसताना ते द्यायचं नाही, आणि असताना थांबायचं नाही. सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. लहान दवाखान्यात एवढ्याच असल्या तर त्या कोणाला द्यायच्या, हा प्रश्न मी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे.

आज या प्रश्नाला आपल्याकडे जे सगळ्यांत भरवशाचं उत्तर आहे ते काचेच्या परीक्षानळीत असतं. कोरड्या, स्वच्छ नळीत २ मिलिलिटर रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं, प्रतिविष सुरू करा. एवढी साधी चाचणी, पण नळी साबणाने धुतलेली असेल किंवा प्लास्टिकची असेल तर निरोगी माणसाचं रक्तही गोठत नाही आणि विष नसलेल्याला प्रतिविष दिलं जातं. मला हे कळलं तेव्हा मी परीक्षानळीकडेही उपकरण म्हणून बघायला लागलो. आणि मण्यारीच्या रुग्णाचं रक्त या नळीत व्यवस्थित गोठतं. दादाच्या बाबतीत या चाचणीनेही 'सगळं ठीक' असंच सांगितलं असतं.

आता हे यंत्र कितपत दूर आहे ते पाहू. त्याचे तुकडे आज वेगवेगळ्या खोल्यांत पडलेले आहेत. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गमध्ये रोंटगेन यांना क्ष-किरण दिसले आणि दीड महिन्यात त्यांच्या पत्नीच्या हाताची हाडं अंगठीसकट छायाचित्रात उमटली. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनजवळ पहिल्या रुग्णाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं. १९७७ साली माणसाच्या छातीचं पहिलं एमआरआय चित्र काढायला जवळजवळ पाच तास लागले. यातलं प्रत्येक यंत्र वेगळ्या प्रकारे 'बघतं', आणि प्रत्येकाची मर्यादा निसर्गनियमात आहे. कारखान्यात सुधारणा करून ती जात नाही.

एमआरआय घ्या. नेहमीच्या यंत्राचं चुंबकीय क्षेत्र दीड टेस्ला असतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजारपट आणि वर. त्यासाठी तारेची वेटोळी उणे २६९ अंशांवरच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावी लागतात. शिवाय ज्या भागाचं चित्र घ्यायचं तिथे ते क्षेत्र सगळीकडे एकसारखं हवं. हे मुठीत बसवायचं कसं, याचा रस्ता आज दिसत नाही. अगदी कमी ताकदीचं, चाकांवर ढकलत रुग्णाच्या खाटेशी नेता येणारं मेंदूचं एमआरआय आलं आहे, पण तेही कपाटाएवढं.

सोनोग्राफीची गोष्ट जास्त आशेची. मी शिकलो तेव्हा सोनोग्राफीचं यंत्र म्हणजे फ्रिजएवढी ट्रॉली. अंगावर फिरवायच्या प्रोबमध्ये स्फटिकांची रांग असायची, प्रोब हातातून पडला की दोन-चार स्फटिक मरायचे आणि चित्रात उभी काळी रेघ यायची. आता सिलिकॉनच्या चिपवर हजारो सूक्ष्म पडदे बसवलेला एकच प्रोब मोबाइलला जोडता येतो. २०१८ पासून असे प्रोब बाजारात आहेत. पण ध्वनीचा स्वभाव तोच राहिला. कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) वाढवली की चित्र स्पष्ट येतं पण ध्वनी खोल जात नाही. पोटासाठी २ ते ५ मेगाहर्ट्झ, वरवरच्या नसांसाठी १० च्या पुढे. हाडापलीकडे आणि हवेपलीकडे काही दिसत नाही. यंत्र गृहीत धरतं की ऊतींमध्ये ध्वनी सेकंदाला १५४० मीटर जातो. चरबीत तो थोडा हळू जातो, म्हणून जाड रुग्णाच्या पोटातली मापं किंचित चुकतात. ही गोष्ट प्रोब वापरणाऱ्या कितीतरी लोकांना कोणी सांगितलेलीच नसते.

हातात धरून चालवायचं क्ष-किरण यंत्रही आता आलं आहे. छातीचं चित्र घ्यायचं आणि क्षयाचा संशय आहे का ते संगणकाने सांगायचं, या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्यांच्या तपासणीसाठी मान्यता दिली. असा एक संगणकीय कार्यक्रम मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीचा आहे. वाडीवर, झाडाखाली, क्षयाची तपासणी होताना बघणं ही माझ्यासाठी विज्ञानकथाच होती.

हे सगळे तुकडे एकत्र बांधायचा प्रयत्नही झाला. २०१२ साली अमेरिकेतल्या एक्सप्राइझ संस्थेने १ कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर केली: घरातल्या माणसाला वापरता येईल असं, सुमारे सव्वादोन किलोच्या आत वजनाचं यंत्र बनवा, त्याने ठरावीक १३ स्थिती ओळखल्या पाहिजेत. जगभरातून शेकडो संघ उतरले. २०१७ मध्ये निकाल लागला, तेव्हा सगळ्या अटी कोणीच पूर्ण केल्या नव्हत्या. पेनसिल्व्हेनियातल्या आपत्कालीन विभागात काम करणारे डॉ. बेसिल हॅरिस आणि त्यांची भावंडं यांच्या संघाला २६ लाख डॉलर मिळाले, तैवानच्या संघाला १० लाख. मला त्या निकालातली एक गोष्ट फार पटली. हॅरिस यांच्या यंत्रात जादूचा एकही सेन्सर नव्हता. साधे सेन्सर होते आणि त्यांच्यासोबत नेमके प्रश्न विचारणारी प्रणाली होती: कुठे दुखतं, कधीपासून, पूर्वी असं झालं होतं का. चांगला डॉक्टर दाराशी बसून जे विचारतो तेच.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम आठवा. कोकणात विंचूदंशाने मुलं जायची. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून घाम, थंड पडणारे हातपाय, रक्तदाब, नाडी यांची तासातासाची नोंद केली आणि मृत्यू हृदयावर आणि फुप्फुसांवर येणाऱ्या ताणामुळे होतो हे ओळखलं. १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वापरायला सुरुवात केली आणि मृत्यूंचं प्रमाण फार खाली आलं. त्यांच्याकडे ट्रायकॉर्डर नव्हता. काय बघायचं हे त्यांनी शोधून काढलं, आणि ते शोधल्यावर रक्तदाबाचा पट्टा पुरला. माझ्या यंत्रात असा माणूस आधी बसवावा लागेल.

आणखी एक शोध मला रोज काम करताना आठवतो. जपानचे ताकुओ आओयागी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून हृदय किती रक्त फेकतं ते मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांमुळे रीडिंग सारखं हलायचं. ते हलणं काढून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की ते रक्तातल्या ऑक्सिजनप्रमाणे बदलतंय. नको असलेल्या हलण्यातच त्यांना मोजमाप सापडलं. १९७४ साली ते जाहीर झालं आणि त्यातून पल्स ऑक्सिमीटर जन्मला, लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांवर चालणारा. माझ्या मते आजवर प्रत्यक्षात आलेल्या उपकरणांत ट्रायकॉर्डरच्या सर्वांत जवळचं हेच. सुई नाही, काही सेकंदांत उत्तर, खिशात मावतं, सेलवर चालतं.

आणि याच उपकरणाने मला सगळ्यात जास्त घाबरवलंही. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ओळखीचे लोक घरचे ऑक्सिमीटर माझ्याकडे तपासायला आणायचे. मी ते सिम्युलेटरवर, म्हणजे बोटाऐवजी ऑक्सिजनचा ठरावीक आकडा देणाऱ्या तपासणीच्या यंत्रावर लावायचो. सिम्युलेटर ९७ वर ठेवला की जवळपास सगळे ९६-९८ दाखवायचे. ८५ वर आणला की त्यातले काही ९३-९४ वर अडकून बसायचे. म्हणजे माणूस बरा असेपर्यंत यंत्र खरं बोलणार आणि तो गुदमरायला लागला की धीर देणार. बाहेरून दोन्ही प्रकारच्या यंत्रांत काही फरक दिसत नव्हता. २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेतून एक अभ्यास आला: रुग्णालयातले चांगल्या प्रतीचे ऑक्सिमीटरसुद्धा काळ्या वर्णाच्या रुग्णांमध्ये धोकादायकरीत्या कमी झालेला ऑक्सिजन गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट वेळा चुकवतात. ४५ वर्षांहून जुनं तंत्र, जगभर वापरात, आणि तोवर ही गोष्ट बहुतेकांच्या गावीही नव्हती. आपल्याकडची उन्हात राबणारी माणसं डोळ्यांपुढे आली आणि मला फार अस्वस्थ वाटलं.

म्हणून स्वप्नातल्या यंत्राबद्दल लोक जिथे सगळ्यात जास्त खूश होतात, तिथे मी थांबतो. 'एकदा फिरवलं की दोनशे रोगांची यादी' हे मला नको आहे. हिशेब करून बघा. समजा प्रत्येक रोगाची चाचणी निरोगी माणसाला १०० पैकी ९९ वेळा बरोबर 'नाही' म्हणते. अशा दोनशे चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसालाही निदान एक तरी खोटी धोक्याची सूचना मिळण्याची शक्यता ८७ टक्के होते. दर महिन्याला घरातल्या पाच जणांवर फिरवलं तर ते घर दवाखान्याच्या फेऱ्या मारूनच थकेल. रोग हजारात एकाला होणारा असेल तर अशा ९९ टक्के 'अचूक' चाचणीने ज्यांना रोग आहे म्हणून सांगितलं, त्या अकरा जणांतल्या एकालाच तो असतो.

हे कागदावरचं भय नाही. दक्षिण कोरियात १९९९ पासून राष्ट्रीय कर्करोग तपासणी सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी त्यात नव्हती, पण रुग्णालयं थोडे जादा पैसे घेऊन तीही करून द्यायची. लोकांनी आनंदाने करून घेतली. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं, एका वर्षात ४० हजारांहून जास्त नवे रुग्ण. त्या आजाराने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. कारण अशा बारीक गाठी पुष्कळ निरोगी माणसांच्या गळ्यात आयुष्यभर असतात आणि काही करत नाहीत. पण गाठ दिसल्यावर शस्त्रक्रिया झाल्या, ग्रंथी काढल्या गेल्या, माणसं जन्मभर गोळ्यांवर आली, काहींचे आवाज गेले. २०१४ मध्ये डॉक्टरांनीच जाहीरपणे इशारा दिला, तेव्हा कुठे शस्त्रक्रिया कमी झाल्या. सोनोग्राफीची यंत्रं तिथे उत्तम चालत होती, एकातही बिघाड नव्हता. पण त्यांना जो प्रश्न कोणी विचारला नव्हता त्याचं उत्तर ती देत होती.

माझं यंत्र विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देईल. पोट दुखतंय, पहाट आहे, पावसाळा आहे, जमिनीवर झोपला होता: सांग. आणि उत्तरासोबत खात्री किती तेही सांगेल. 'माहीत नाही, तालुक्याला घेऊन जा' हे म्हणायची त्याला लाज वाटता कामा नये.

कायद्याचा प्रश्न राहिला, आणि महाराष्ट्रात तो टाळून पुढे जाता येत नाही. शरीरात बघणारं यंत्र गर्भाशयातही बघणार. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्याने केला, १९९४ मध्ये देशाचा झाला. तरी २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात राज्यात हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात ८०७. म्हणून आज सोनोग्राफीचं प्रत्येक यंत्र नोंदवलेलं असतं, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म (कायद्याने ठरवलेलं नोंदपत्रक) भरावा लागतो, पोर्टेबल यंत्र पिशवीत घालून गावोगाव फिरवता येत नाही. माझ्या कामात याचा त्रास होतो. चालू यंत्र एका खोलीत सीलबंद आणि शेजारच्या खोलीत पोटात रक्तस्राव होणारा रुग्ण, असंही पाहिलं आहे. तरीही हे नियम सैल करा असं मी म्हणणार नाही. ज्या मुली जन्मल्याच नाहीत त्यांची संख्या माझ्या गैरसोयीपेक्षा फार मोठी आहे.

त्यामुळे माझी अट अशी, की या यंत्राने गर्भाचं लिंग लपवू नये, ते त्याला कळूच नये. सॉफ्टवेअरमध्ये कुलूप घालून चालत नाही. आमच्या धंद्यात दहा वर्षं काढलेल्या माणसाला कुठलं सॉफ्टवेअरचं कुलूप उघडतं आणि कसं, हे ठाऊक असतं. सेन्सरलाच ती माहिती मिळता कामा नये. बाळाचे ठोके, वारेची जागा, पाणी किती, एवढंच. अशी रचना कोणी करून दाखवली तर खेड्यातल्या बायकांच्या दृष्टीने ती या यंत्रातली सर्वांत मोठी गोष्ट ठरेल.

बाकी अटी लहान आहेत. सेल बाजारात मिळणारे हवेत. नेटवर्क नसताना चाललं पाहिजे, कारण घाटात नेमकं तेच नसतं. रुग्णाची माहिती यंत्राबाहेर जाता कामा नये. आणि ते उघडता आलं पाहिजे, साध्या स्क्रूने. कंपनीने चिकटवून बंद केलेलं उपकरण बिघडलं की टाकूनच द्यावं लागतं.

असं यंत्र हातात आलं, तर पहिला महिना मी ते एकाही रुग्णाला लावणार नाही. ज्यांची उत्तरं मला आधीच माहीत आहेत अशा गोष्टींवर लावून बघेन: जेलीच्या फँटमवर (शरीराऐवजी तपासणीसाठी वापरायच्या नमुन्यावर), सिम्युलेटरवर, मोजून विष मिसळलेल्या रक्ताच्या नमुन्यांवर, आणि विष अजिबात नसलेल्या नमुन्यांवर. गोऱ्या हातावर, सावळ्या हातावर, चिखलाने माखलेल्या हातावर. कमीत कमी किती विष त्याला कळतं आणि कुठे ते चुकायला लागतं, हे वहीत उतरवेन. मग चार महिने पावसाळ्याचे, आमच्या गावच्या उपकेंद्रात आशाताईंच्या हातात देईन. माझ्या घरात ते ठेवण्यात अर्थ नाही; पहाटे पाच वाजता लोक दार त्यांचं ठोठावतात.

आमची ती ओटी आता फरशीची आहे. काकू ऐंशीच्या पुढे आहे. पावसाळ्यात कोणीही मुक्कामाला आलं तरी ती त्याला जमिनीवर झोपू देत नाही. खाट देते, मच्छरदाणी लावते आणि तिच्या चारही कडा गादीखाली घट्ट खोचल्या आहेत का ते दिवा मालवण्याआधी स्वतः हात फिरवून बघते. मण्यारीपासून वाचायला आज यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही, आणि तिला तो कोणी शिकवला नव्हता.